लेम्युएलला भाव आला, त्याची हकीकत

ब्रायर्स जंक्शन, जॉर्जिया
१ फेब्रुवारी, रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थरूप होझियादादास,

धाकट्या अर्नस्टीनचा नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे आम्ही सगळे आपापल्या पायांवर उभे आहोत. त्यातला लेम्युएल जरा जास्तच जागा व्यापून उभा आहे, पण ते पुढे येईलच. तुझी साखर कशी आहे? आर्नेटावहिनीची कंबर? डेट्रॉइटात गुडघाभर बर्फ पडल्याचं टीव्हीवर पाहिलं. दारातलं बर्फ तू स्वतः उपसू नकोस, शेजारच्याला पैसे दे. (मागच्या वर्षी उपसलंस, छातीत कळ आली, आणि मला तीन आठवड्यांनी कळवलंस. मी विसरलेले नाही.) सोबत पेकानची पिशवी आहे. यंदा मागच्या झाडाला वेड्यासारखे पेकान लागले. फोडून, सोलून पाठवते आहे, कारण तसेच पाठवले तर तू फोडत बसशील आणि वहिनी टरफलं झाडत बसेल.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. तर दादा, फोनवर मी फुटबॉलचा फ काढला की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. सेहेचाळीस वर्षं हे चाललंय. त्यात माझे किती श्रम वाया गेले असतील ह्याचा मी हिशेब केलेला नाही. पत्र तू खाली ठेवलंस तरी ते गप्प बसत नाही, टेबलावरून बघत राहतं. तेव्हा आता शांतपणे वाच. मला तुला काही विचारायचं नाही, मागायचं तर मुळीच नाही. इकडे जे घडलं ते मला स्वतःलाच नीटसं कळलेलं नाही, आणि दुसऱ्याला सांगू लागलं की कधी कधी आपल्याला कळतं, एवढ्याचसाठी लिहिते आहे.

लेम्युएल तुला शेवटचा दिसला तो बारा वर्षांचा, त्याची आई, माझी रमोना, सैन्यात भरती होऊन जर्मनीला गेली आणि तो माझ्याकडे राहायला आला तेव्हा. आता अठराला दोन महिने कमी आहेत, वजन तीनशे पाच पौंड, आणि मी चालवते त्या चौदा नंबरच्या शाळेच्या बसमध्ये तो आता दोघांच्या बाकावर एकटा बसतो, तोही तिरका. स्वभावाने गाय आहे. मैदानावर तो त्याच जागी उभा राहतो जिथे तू राहायचास, रांगेच्या उजव्या कोपऱ्यात. तुला काय सांगायचं, मागे उभं राहून चेंडू फेकणाऱ्या पोराला समोरच्या बैलांनी येऊन तुडवू नये म्हणून मध्ये भिंत होऊन राहायचं, सगळा खेळ संपेपर्यंत आपल्या हाताला चेंडूचा स्पर्श नाही, आणि नाव पेपरात यायचं ते फक्त चूक केली तर. मला वाटायचं, अशा पोराला विचारणार कोण? तर दादा, विचारणाऱ्यांनी माझ्या अंगणातलं गवत मारून टाकलंय, एवढ्या गाड्या लागतात.

पहिला भाव लावला तो टिलरीने. तोच टिलरी, सेप्टिक टँक उपसणारा, ज्याच्या बापाकडे तुझी सायकल गहाण होती. आता शाळकरी पोरांनाही जाहिरातीचे पैसे घेता येतात, फक्त शाळेचा शर्ट किंवा नाव वापरायचं नाही, असा नियम झालाय. (मी तीन जणांना विचारून खात्री केली. तिघांनी एकच सांगितलं, म्हणजे ते बहुधा खरं असावं.) टिलरीने लेम्युएलला दीड हजार डॉलर आणि आमची टाकी जन्मभर फुकट उपसून द्यायचा शब्द दिला, आणि त्या बदल्यात हमरस्त्यावर, आपल्या चर्चच्या बरोबर समोर, घराएवढी पाटी लावली. पाटीवर लेम्युएल दोन्ही हात पसरून उभा, आणि खाली अक्षरं: "हा अडवतो. आम्ही मोकळं करतो!" शाळेचा शर्ट चालत नाही म्हणून टिलरीने स्वतःच्या कंपनीचा शर्ट घातलाय त्याला. तो तपकिरी आहे. टिलरीने रंगाचा जरा विचार करायला हवा होता. मी चर्चच्या दारात हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायला उभी असते, दादा, आणि गेल्या ऑगस्टपासून एकही माणूस माझ्याशी हात मिळवून सरळ तोंडाने आत गेलेला नाही.

पण ती पाटी हमरस्त्यावर, आणि हमरस्त्याने कॉलेजांचे कोच लोक जातात. सप्टेंबरात पत्रं यायला लागली, नोव्हेंबरात फोन, आणि डिसेंबरात जेव्हा सगळी पोरं कॉलेजांच्या करारांवर सह्या करून मोकळी झाली तेव्हा आमच्या ह्या गायीने "मी अजून ठरवलं नाही" एवढंच म्हटलं. मला वाटलं, झालं, संधी गेली. उलट झालं! पेकान नोव्हेंबरात न विकता धरून ठेवला की कसा जानेवारीत भाव चढतो, तसा त्याचा भाव चढला. त्याने हे मुद्दाम केलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आजी, मला खरंच ठरवता येत नव्हतं." मला वाटतं बाजारात सगळ्यात जास्त पैसा अशाच माणसांना मिळत असावा, ज्यांना खरंच ठरवता येत नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टेन्सॉ विद्यापीठाचे कोच व्हिटफील्ड आले. आले म्हणजे हेलिकॉप्टरने आले, आणि उतरले ते प्राथमिक शाळेच्या मैदानावर, बरोबर माझी बस सुटायच्या वेळी. माझ्या बसमध्ये एक्केचाळीस मुलं. त्यांतली चाळीस खिडकीला लटकलेली आणि एक उलटी करत असलेलं. मी त्या दिवशी सव्वा तास उशिरा पोरं घरी सोडली आणि आयांची बोलणी खाल्ली, आणि घरी येते तर ओसरीवर कोच बसलेले. उंच, दात पांढरेशुभ्र, आवाज मधात बुडवून काढलेला. त्यांच्याबरोबर क्विलन म्हणून एक बारीक माणूस होता, बूट भारीचे पण पायांत मोजे नाहीत. (भर जानेवारीत. मला वाटलं गरीब आहे, म्हणून मी त्याला पहिली कोंबडीची टांग वाढली.) हा क्विलन म्हणजे टेन्सॉच्या श्रीमंत चाहत्यांनी मंडळ काढलंय, त्या मंडळाचा माणूस. कोच फक्त पोराचं कौतुक करतात, आकडा क्विलन सांगतो. आकडा ऐकून मी मक्याच्या पावाची परात खाली ठेवली आणि पुन्हा सांगायला लावला. वर्षाला तीन लाख डॉलर!

दादा, तुझ्या वेळी कोच यायचे तेव्हा आईसमोर गुडघे टेकून प्रार्थना करायचे, कोलार्डची भाजी तिसऱ्यांदा मागून घ्यायचे आणि पोरगा शिकून मोठा होईल असं सांगायचे. खरं काय नि खोटं काय, पण बघायला बरं वाटायचं. ह्यांनी प्रार्थना केली, पण घड्याळाकडे बघत. मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "साहेब, हे तीन लाख नेमके कशाचे?"

"त्याच्या नावाचे, मिस अर्नस्टीन. चेहऱ्याचे," क्विलन म्हणाला.

"म्हणजे त्याने विकायचं काय?"

"तसं ठराविक काही नाही."

"असं कसं? टिलरी घाण उपसतो, त्यावर पोराचा चेहरा लावतो, ते मला समजतं. तुमचं काय उपसायचं आहे?"

कोचने आणखी थोडी भाजी वाढून घेतली. मग मी विचारलं की मागे उभा राहून चेंडू फेकतो त्या पोराला किती देता? तर वीस लाख. आणि त्याला जिवंत ठेवणाऱ्याला तीन? क्विलन म्हणाला, लोक चेंडू फेकणाऱ्याच्या नावाचा शर्ट विकत घेतात. मी म्हटलं, "हा जर जरासा बाजूला सरकला, तर तो शर्ट घालायला आत कोण उरेल?" ह्यावर कोच व्हिटफील्ड पहिल्यांदा मनापासून हसले आणि म्हणाले, बाई, तुम्हीच आमच्याकडे नोकरीला या. मी म्हटलं, आधी आकडा सांगा. (गंमत केली. पण त्यांनी सांगितला असता तर मी ऐकून घेतला असता.)

 लेम्युएलने एकच विचारलं, "सर, गुडघा गेला तर?"

"तशी वेळच येणार नाही, बाळा," क्विलन म्हणाला.

"सर, माझ्याबरोबर खेळणाऱ्या तिघांचे गेलेत."

नेमके तेव्हाच कोच व्हिटफील्ड बाथरूम कुठे आहे म्हणून उठले. आणि दादा, लिहायला लाज वाटते, पण आमची टाकी तुंबली. थँक्सगिव्हिंगपासून कुरकुरत होती, ती नेमकी हेलिकॉप्टरवाल्या पाहुण्यावर उलटली. कोच बाहेर आले ते पँट घोट्यापर्यंत दुमडून. मी टिलरीला फोन केला. आठ मिनिटांत त्याची गाडी दारात, आणि गाडीवर लेम्युएलचा हात पसरलेला फोटो. काम उरकून, हात धुऊन टिलरी स्वयंपाकघरात आला, रताळ्याची पाई मागून घेतली आणि तिथेच टेबलावर पडलेला क्विलनचा करार उचलून वाचायला लागला. मी अडवणार होते, पण तो जन्मभर सरकारी कंत्राटं वाचत आलाय आणि घरात आमच्यापैकी कुणालाच ती भाषा कळत नव्हती. पाई संपली तेव्हा तो नवव्या पानावर होता. "बाळ लेम्युएल," तो म्हणाला, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. गुडघा गेला तर साठ दिवसांनी पैसे बंद. आणि तू तिथून निघालास तर घेतलेले परत." क्विलन म्हणाला, हा मसुदा आहे, बोलता येईल. टिलरी म्हणाला, बोला की. क्विलनने करार उचलून बॅगेत घातला.

आता पुढचं. दादा, पाणी पिऊन ये.

त्यानंतर चार दिवसांनी, पाऊस भुरभुरत असताना, चिखलाने माखलेला एक पिकअप आला. त्यातून टोपी घातलेला चाळिशीतला माणूस उतरला. म्हणाला, "मी मॅबरी. ओकमल्गी स्टेटचा रांगेच्या पोरांचा कोच." मी जाळीच्या दाराला कडी लावली. सेहेचाळीस वर्षांत ओकमल्गीच्या माणसाला ह्या घराची पायरी चढू दिलेली नाही, त्यांचा झेंडा लावलेल्या गाडीला मी बस चालवताना रस्तासुद्धा देत नाही. मी म्हटलं, "कोच, तुम्ही चांगले असाल. पण ह्या दारातून ओकमल्गीचं कुणी आत येणार नाही." तो भिजत उभा राहिला. "का ते विचारू का, मिस अर्नस्टीन?" एवढंच म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. आणि मी सांगणार नव्हते, आईची शपथ. पण मागे वळून बघते तर लेम्युएल उभा. म्हणाला, "मलाही माहीत नाही, आजी."

दादा, मला माफ कर. मी सांगितलं.

जाळीच्या आतून मी त्या दोघांना सांगितलं की आपली आई कोंबड्यांच्या कारखान्यात काम करायची, पंचेचाळिशीत तिचे सगळे दात गेले, आणि ती हसताना तोंडावर हात धरायची. आणि तू ओकमल्गीत दुसऱ्या वर्षाला असताना तिथल्या खेळवेड्या दंतवैद्याने, तुझी आई सामना बघायला आली नि सगळा वेळ तोंडावर हात धरून ओरडत होती हे बघून, तिला कवळी करून दिली, पैसे घेतले नाहीत. आई अकरा आठवडे हात खाली ठेवून हसली. मी मोजलेत, मी चौदा वर्षांची होते. मग कुणीतरी तक्रार केली, आणि कॉलेजचे करड्या सुटातले दोघे आपल्या बैठकीत येऊन बसले. खेळाडूच्या घरच्यांनी फुकट काही घ्यायचं नाही, असा नियम. पावती दाखवा म्हणाले. आईने पावती नाही म्हटलं, आत गेली, कवळी काढली, धुतली, फडक्याने पुसली, कोकोच्या रिकाम्या डब्यात घातली आणि डबा त्यांच्या हातात दिला. "घ्या," म्हणाली, "आता माझ्या पोराकडे तुमचं काही राहिलं नाही." त्यांनी डबा नेला आणि तुलाही संघातून काढून टाकलं. तू घरी आलास तो रात्र काढून सकाळच्या बसने डेट्रॉइटला गेलास. आई त्यानंतर एकोणीस वर्षं जगली, आणि माझ्या लग्नाच्या फोटोतही तिचा हात तोंडावर आहे.

हे सगळं मी बस चालवताना लागतो त्या आवाजात सांगितलं, कारण दुसऱ्या आवाजात सांगता आलं नसतं. मॅबरी टोपी हातात घेऊन उभा होता. लेम्युएलने विचारलं, "किंमत किती होती?"

"चारशे डॉलर."

"वरची आणि खालची धरून?"

"धरून."

तो कोचकडे वळला. "सर, आता चालतात का दात?"

"आता चालतात," मॅबरी म्हणाला. बुटांकडे बघत म्हणाला.

"मग ते कुठे आहेत?"

"काय?"

"पणजीचे दात. तुमच्या लोकांनी नेले होते ना."

दादा, इतक्या वर्षांत हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाही सुचला नव्हता! मला नाही, तुला नाही, आईलासुद्धा नाही. आपण सगळे राग धरून बसलो आणि डबा कुठे गेला ते कुणीच विचारलं नाही. मॅबरी म्हणाला, "मला माहीत नाही. बघतो." आणि पिकअपमध्ये बसून गेला. मी लेम्युएलला म्हटलं, तो काही परत यायचा नाही.

मधल्या दिवसांत मला एका गोष्टीने पछाडलं. तेव्हाचं चारशे डॉलरचं पाप, आता तीन लाखांना सरळ टेबलावर ठेवतात आणि प्रार्थना करून जेवतात. मग ते पाप गेलं कुठे? मी पाळकसाहेबांना विचारलं.  ते म्हणाले, "सिस्टर गॅडसन, पाप बदलत नाही. पण तुमच्या आईच्या बाबतीत पाप नव्हतंच, नुसता नियम होता. माणसं ह्या दोहोंत नेहमी घोळ घालतात." मला हे इतकं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ते म्हणाले, "आणि लेम्युएल चर्चला दशांश देईल तो कराआधीच्या रकमेवर की करानंतरच्या?" (मी म्हटलं, आधी त्या पाटीच्या पैशांचा दशांश घ्याल का ते सांगा. त्यांनी खिडकीतून समोरच्या पाटीकडे पाहिलं आणि विषय बदलला.)

नवव्या दिवशी मॅबरी परत आला. ओकमल्गीच्या क्रीडाभवनाखाली तळघर आहे, तिथे जुने कागद कुजत पडलेत. हा माणूस दोन शनिवार तिथे स्वतः बसला होता. बाहीला अजून धूळ होती. त्याने एका जुन्या वहीच्या पानाची नक्कल जाळीला टेकवून धरली. मी चष्मा आणून वाचली. तुझं नाव, तारीख, आणि खाली: "प्राप्त: कवळी, वरची व खालची, एक जोड, कोकोच्या डब्यात. पुढील नोंद नाही." तो म्हणाला, "पुष्कळ शोधलं, मिस अर्नस्टीन. दात सापडले नाहीत. कॉलेजने माफीचं पत्र द्यावं म्हणून वकिलांकडे गेलो, तर ते म्हणतात 'खेद' हा शब्द वापरायचा की नाही हे ठरवायला त्यांना महिना लागेल. तेव्हा मी नुसता स्वतःच आलो."

मी कडी काढली. दुसरं काय करणार होते, सांग.

जेवताना त्याने ओकमल्गीचा आकडा सांगितला, वर्षाला एक लाख दहा हजार. आपल्या मंडळात दोन ट्रॅक्टरवाले, एक गादीवाला आणि बाकी सगळे निवृत्त मास्तर आहेत, ह्याच्यापुढे जाता येणार नाही असं तो म्हणाला. लेम्युएलने गुडघ्याचं विचारलं. मॅबरीने पँट वर करून स्वतःचा गुडघा दाखवला, त्यावर चांगली वीतभर शिवण होती. "गेला तर मंडळाचे पैसे थांबतील, ते माझ्या हातात नाही. शिक्षणाचा खर्च थांबणार नाही, ते मी करारात घालून आणलंय." टिलरीला बोलावून वाचून घेतलं. होतं. (टिलरीला आता बोलवावं लागत नाही, जेवणाच्या वेळी तो येतोच.)

ही बातमी टेन्सॉला कशी पोचली देव जाणे, पण दुसऱ्याच दिवशी क्विलनचा फोन, की आम्ही चार लाख करतो आणि नववं पान काढून टाकतो. चार लाख, दादा. मला एवढे मिळवायला चौदा नंबरची बस अजून पंधरा वर्षं हाकावी लागेल. खोटं कशाला लिहू, माझा हात आपोआप पेनाकडे गेला होता. मी लेम्युएलला म्हटलं, बाळा, नीट विचार कर, राग माझा आहे, तुझा नाही. तो म्हणाला, "मला कुठे राग आहे? मी ओकमल्गीला जातो."

जवळजवळ तीन लाख कमी घेऊन तो तिथे का जातोय हे मी गावभर विचारत फिरले. टिलरीचं म्हणणं, ओकमल्गी चाळीस मिनिटांवर आहे म्हणजे पाटी चालू राहील, पोरगा व्यवहारी आहे. पाळकसाहेबांचं म्हणणं, पवित्र आत्म्याची प्रेरणा. रमोना जर्मनीहून म्हणाली, आई, त्याला तुझ्या हातचं जेवण सोडवत नाही. मी त्यालाच विचारलं. म्हणाला, "त्यांचा उजवा कोपरा रिकामा आहे, पहिल्याच वर्षी खेळायला मिळेल." हे बरोबरच असेल. पण काल भांडी पुसताना मी पुन्हा विचारलं, तेव्हा ताट फडक्यात धरून तो म्हणाला, "आजी, तो स्वतः गेला शोधायला. कुणाला पाठवलं नाही त्याने." आणि ताट जागेवर ठेवलं.

तर अशी हकीकत. कुणाची किंमत कोण ठरवतं आणि कशावरून, हे एवढं सगळं लिहूनही मला कळलेलं नाही. तुला कळलं तर कळव. साखर सांभाळ, पेकान मूठभरच खा, वहिनीला नमस्कार.

तुझी बहीण,
अर्नस्टीन

ता. क. विचारायचं काही नाही असं वर लिहिलंय, ते वाचून तू निश्चिंत झाला असशील म्हणून आता विचारते. लेम्युएल अजून अठराचा नाही, तेव्हा पालकाची सही माझी लागते. बुधवारी सकाळी दहाला शाळेच्या व्यायामशाळेत सह्या आहेत. ओकमल्गीच्या कागदावर मी तुझ्या परवानगीशिवाय नाव घालणार नाही. तुझा अपमान झाला होता, माझा नाही. तू "नको" म्हणालास तर मी पेन खाली ठेवीन, मग सगळं गाव बघत असलं तरी चालेल. हो की नाही, एवढंच फोनवर सांग.

ता. क. दुसरा, बुधवार, दुपार. हे पत्र तीन दिवस बसच्या काचेवरच्या झडपेत खोचून राहिलं, स्टँप संपले होते म्हणून. मी सही केली. मॅबरी टोपी काढून उभा होता, लेम्युएलने पेन पुढे केलं, आणि मी केली. रागावायचं तर रागाव. आणि दादा, स्टँप संपले नव्हते. ड्रॉवरमध्ये अख्खी पट्टी होती. तू "नको" म्हणशील ह्याची मला भीती वाटली.

ता. क. तिसरा. इथून पुढचं लेम्युएलच्या हातचं आहे, मी वाचलेलं नाही. (वाचलंय.)

होझियाआजोबांस नमस्कार. आजीसमोर दात कुठे गेले ते विचारायला नको होतं बहुतेक, चुकलं असेल तर सॉरी. एक विचारायचं होतं. उजव्या कोपऱ्यावर असताना समोरचा फार बाहेरून सुटला, तर मागे जाताना पहिलं पाऊल लांब टाकायचं की आखूड? कोच मॅबरी आखूड म्हणतात. शाळेचे कोच लांब म्हणतात. तुम्ही काय करायचात?